पुढची सोय

१० नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचे! टेम्पोवाल्याने वाडीच्या तोंडाशीच सामान उतरवलं आणि आत गाडी वळत नाही म्हणून हात वर केले. मग कपाट, फ्रिज, गाद्या आणि माझं शिलाईचं मशीन यांची मिरवणूक गिरगावच्या भर रस्त्यातून चाळीपर्यंत निघाली. शंतनु पुढे, मी मागे, हमाल मध्ये. फक्त ताशा तेवढा नव्हता.

लग्न झाल्यापासून डोंबिवलीत भाड्याने राहिलो. दर अकरा महिन्यांनी नवा करार, भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाच्या तोंडाकडे बघायचं. आता पागडीची का होईना, पण पावती आमच्या नावाची. दुसरा मजला, पुढे सामाईक गॅलरी, आत एक मोठी खोली, मागे अरुंद स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी. फोर्टातल्या ऑफिसला चालत जाता येईल. या आनंदात नवी वही काढली आहे. किती दिवस टिकते बघू.

शेजारच्या खोलीत कालिंदीकाकू राहतात. एकट्याच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, कर्जतला एक पुतण्या. आम्ही कुलूप उघडतोय तोवर तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन दारात हजर. तोंडात एकही दात नाही, पण सुपारीवाचून घटकाभर चालत नाही. म्हणून लोखंडी खलबत्ता कायम मांडीशी. टक-टक, मग बोटाने सुपारी चाळवायची, मग शेवटचा एक टक. दिवसभर तोच ताल. शंतनु म्हणाला, घड्याळ घ्यायला नको.

आणि मुख्य म्हणजे पुढेमागे काकूंची खोलीही आम्हालाच मिळणार आहे. खोली बघायला आलो होतो तेव्हाच मालकाच्या माणसासमोर त्या स्वतः म्हणाल्या, की माझ्यामागे ही खोली या पोरांनाच द्या, मधली भिंत काढतील आणि सुखाने राहतील. शंतनु तेव्हापासून मनातल्या मनात भिंत पाडतोय. मी त्याला म्हटलं, बाजारात तुरी! काकू अजून ठणठणीत आहेत. आणि असोत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज हितेंद्र येऊन गेला. शंतनुच्या ऑफिसातल्या कोणीतरी सुचवलेला कंत्राटदार. एका कानाला फोन, दुसऱ्या कानावर पेन्सिल, आणि बोलणं दोघांशी एकदमच.

मला वाटलं होतं लादी, रंग, ओटा, झालं. पण शंतनुने त्याला शेजारच्या खोलीचं सांगितलं आणि तो कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. भाभी, म्हणाला, मग आत्ताच विचार करा. आज सगळं चकाचक केलंत आणि उद्या ती खोली जोडलीत, तर नवी लादी फुटणार, नव्या वायरी उपसाव्या लागणार, रंग तर गेलाच. त्यापेक्षा पुढची सोय आत्ताच करून ठेवायची. दिसायची नाही, पण असली पाहिजे.

त्यानंतर तासभर तेच. दार कुठे येणार? मधल्या भिंतीत दोन सागवानी खांब आहेत, त्यांच्यामध्येच, कारण तिथे विटांवर भार नाही. म्हणजे मला ओटा हवा होता त्या बाजूला तो येत नाही. ओटा खिडकीखाली गेला, म्हणून पाण्याची लाइन अख्ख्या घराला वळसा घालणार. काकूंची जमीन आमच्यापेक्षा दोन बोटं खाली आहे, तर मध्ये उंबरा आत्ताच बसवायचा. वरच्या विटांचा भार पेलायला लिंटल टाकून ठेवायचं. खाली तात्पुरती अर्ध्या विटेची भिंत, उद्या एका दिवसात पडेल अशी. वायरीसाठी एक रिकामा पाइप पलीकडे काढून ठेवायचा आणि पाण्याच्या लाइनला एक तोंड, बूच मारून. थोडक्यात, दार असेल पण दार नसेल.

संध्याकाळी शंतनु म्हणाला, भात जरा जास्त लाव, पुढची सोय. आता घरात हाच विनोद चालणार.

३० नोव्हेंबर, शनिवार

घर पाहावं बांधून म्हणतात, त्यात डागडुजीही धरायला हवी. धूळ डोळ्यांत, धूळ चहात, धूळ उशीच्या अभ्र्यात. गवंडी येतो त्या दिवशी वाळू नसते आणि वाळू येते त्या दिवशी गवंडी गावाला. मला एका जागी बसवत नाही. हा डबा इकडून तिकडे, ते गाठोडं तिकडून इकडे, दिवसभर नुसती येरझार.

लिंटल बसवायला भिंत आरपार फोडावी लागली. गेला आठवडाभर आमची आणि काकूंची खोली एकच आहे. काकू एवढ्या खूश, की उंबऱ्याशी पाट टाकून बसतात, खलबत्ता मांडीशी, आणि कामगारांना हुकूम सोडतात. इतकी वर्षं भिंतीकडे बघून जेवले, म्हणाल्या, आता माणसाकडे बघून जेवते.

आज दुपारी आम्ही दोघीच होतो. त्यांनी सहज विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात गेलं ते. सांगताना रडले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांची कूस कधी उजवलीच नाही, त्यामुळे मला काय वाटतं ते त्यांना सांगावं लागलं नाही. मग विषय बदलायला म्हणून मी म्हटलं, की दोन्ही खोल्या झाल्यावरही तुम्ही इथेच राहायचं, तुम्हाला काही आम्ही घालवत नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, मला मेलीला कितीशी जागा लागणार? एवढीशी. आणि दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली.

मी म्हटलं, आहे की जागा. मोठी गोड बाई आहे.

१५ डिसेंबर, रविवार

दोन रेघा आल्या. दोनदा करून बघितलं.

शंतनु मोरीच्या दारातच मटकन बसला, आणि मग उठून नव्या लादीवर नाचला. कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. पण काकूंना कळलंच. आता मध्ये अर्ध्या विटेची भिंत आली आहे तरी त्यांना पलीकडून काय काय ऐकू येतं देव जाणे. गॅलरीत गाठून म्हणाल्या, आता खरी वाढीव खोली होतेय म्हणायची! मी लाजले.

खूप भीती वाटते आणि खूप आनंद होतो.

११ जानेवारी, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी जिने उतरायचे नाहीत म्हणून सांगितलं. ऑफिसचं काम घरून. घर म्हणजे अर्धा गिलावा, अर्धा रंग आणि मध्ये मी. हितेंद्रचा फोन लागत नाही, लागला तर तो कायम दहा मिनिटांवर असतो. पाण्याच्या त्या पुढच्या सोयीला बूच नीट बसलेलं नाही, थेंब थेंब गळतं. खाली वाटी ठेवली आहे. रिकाम्या पाइपातून काकूंच्या घरातला वास येतो, काथ आणि चुन्याचा. मला नुसत्या वासाने मळमळतं. लहानपणापासून पानसुपारीचा तिटकारा आहे.

बरं म्हणजे काकू. आम्ही खूण ठरवली आहे. त्यांना काही हवं असलं की बत्त्याने भिंतीवर वाजवायचं, त्यांचाच ताल. टक-टक, थांबून टक. मी ओरडते, आले काकू! की हातातलं टाकून जायचं. खरं सांगायचं तर त्यांना काहीच नको असतं. माझ्या पोटाकडे बघत बसतात आणि मला शिरा खायला घालतात.

२६ जानेवारी, रविवार

काकू कर्जतला गेल्या. आठवडाभर ताप उतरत नव्हता, अन्न जात नव्हतं. शेवटी पुतण्या, प्रफुल्ल त्याचं नाव, गाडी घेऊन आला. खोलीची किल्ली समोरच्या नलूताईंकडे दिली. खलबत्ता मात्र पदराखाली धरून घेतला, तो काही सोडला नाही.

जिन्याच्या तोंडाशी थांबल्या. माझा हात हातात घेतला, तळवा तापलेला होता. म्हणाल्या, येते हं.

मी म्हटलं, या. लवकर या. तुमचंच घर आहे.

जागा ठेव, म्हणाल्या. ठेवते, म्हटलं. एवढं बोलून झाल्यावरही त्या जाईनात. प्रफुल्लने दोनदा हाक मारली. दोन पायऱ्या उतरल्या आणि वळून पुन्हा म्हणाल्या, येते. मीही पुन्हा म्हटलं, या.

आपल्यात जाते म्हणत नाहीत. आई तर मी दुकानात निघाले तरी ओरडायची, येते म्हण, जाते काय! आज पहिल्यांदाच वाटलं, या म्हणताना आपण केवढं मोठं बोलावणं करतो. चुकचुकल्यासारखं झालं. घर फार शांत आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुपारी ऑफिसचं काम करत होते. भिंतीवर वाजलं. टक-टक, थांबून टक. मी सवयीने ओरडले, आले काकू! उठले, चप्पल घातली, गॅलरीत आले, आणि समोर कुलूप.

नलूताई म्हणाल्या उंदीर असतील. जुनी चाळ, उंदीर आपल्यापेक्षा जुने. मीही हसले. पण उंदराला ताल कसा येईल?

११ फेब्रुवारी, मंगळवार

काकू गेल्या. काल दुपारीच.

प्रफुल्लचा फोन नलूताईंना आला. त्या रडत रडत मला सांगायला आल्या आणि मी वेड्यासारखं विचारलं, दुपारी म्हणजे किती वाजता? त्यांना विचित्रच वाटलं असणार. जेवणं झाल्यावर, म्हणाल्या.

माझंही जेवण तेव्हाच झालं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

प्रफुल्ल येऊन गेला. भला माणूस. खोलीची किल्ली शंतनुच्या हातात ठेवली, काकूची इच्छा होती म्हणाला, मालकाशी मी बोललो आहे, कागद होतील. शंतनुचा चेहरा असा फुलला की मला त्याची लाज वाटली.

मग चहा पिता पिता प्रफुल्ल दहाव्याचं सांगायला लागला. पिंडाला कावळा शिवेना. सगळी मंडळी उन्हात उभी, कावळे झाडावर बसलेले, खाली एक उतरेना. मी तुझं सगळं नीट करीन म्हणून झालं, तुझी भांडी देवळात देईन म्हणून झालं. काही नाही. शेवटी त्याला आठवलं, की तापात काकू सारखी माझं नाव घेत होती. म्हणून तो मोठ्याने म्हणाला, काकू, काळजी करू नकोस, गिरगावातल्या ऋताने तुझ्यासाठी जागा ठेवली आहे.

शब्द पुरा व्हायच्या आत कावळा शिवला.

हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. माझे आभार मानले त्याने. मग पिशवीतून खलबत्ता काढला. काकूने सांगितलं होतं, हा पोरीला दे. मी हात पुढे केला नाही, शंतनुने घेतला.

फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला आहे.

५ मार्च, बुधवार

भिंतीला चीर गेली आहे. सरळ वर, मग आडवी, मग खाली. दाराच्या आकाराची. हितेंद्र फोनवर म्हणाला, जुनी वीट आणि नवी वीट एकमेकींना धरत नाहीत, मीच तशी घातली आहे ना, पुढची सोय. काळजी नको, पुट्टी मारू.

चिरेतून वास येतो. काथ, चुना.

दुपार झाली की वाजतं. रोज नाही. मी काम करत बसते आणि माझं अर्धं लक्ष भिंतीकडे. वाजलं की दचकायचं, नाही वाजलं की वाट बघायची. खुर्ची तीनदा हलवली. कुठेही बसलं तरी पाठ त्या भिंतीकडेच होते असं वाटतं.

आणि आणखी एक. आज खालच्या पानवाल्याकडून सुपारी आणवली. मी! नुसती कच्ची, भाजकी नको असंही सांगितलं. तोंडात टाकली आणि एवढं बरं वाटलं की डोळे मिटले. नलूताई बघत होत्या. हसून म्हणाल्या, अगं डोहाळे आईचे नसतात, पोटातल्याचे असतात.

मला ती सुपारी थुंकता आली नाही.

९ मार्च, रविवार

कडाक्याचं भांडण. शंतनु म्हणतो पाडव्याच्या मुहूर्तावर दार उघडू, बाळ येईपर्यंत खोली तयार. मी म्हटलं दार उघडायचं नाही. उघडायचं नाही एवढंच नाही, बुजवायचं. कायमचं. याच खोलीसाठी आपण घर घेतलं ना, म्हणाला. घेतलं. पण मला ती सोय नको आहे.

वाजतं ते सांगितलं. कावळ्याची आठवण करून दिली. त्याने मला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला, या दिवसांत असं होतं म्हणाला. मला त्याचा राग आला नाही, फक्त एकटं वाटलं. मी म्हटलं, गेल्या वेळी मी काही बोलले नव्हते, सगळं डॉक्टरांवर सोडलं होतं, आणि गेलं. या वेळी मी कोणालाही माझ्या बाळापर्यंत येऊ देणार नाही.

तो उठून गॅलरीत जाऊन आला. मग हितेंद्रला फोन लावला.

१२ मार्च, बुधवार

झालं. अर्ध्या विटेची भिंत काढून पूर्ण जाडीची घातली, मधल्या फटीत काँक्रीट ओतलं. रिकामा पाइप सिमेंटने बंद. पाण्याचं ते तोंड मुळापासून कापलं. उंबरा तेवढा खाली राहिला, तो काढला तर लादी फुटते. हितेंद्र दिवसभर बडबडत होता, की लोक उघडायला बोलावतात, तुम्ही पहिल्या, भाभी, ज्यांनी सोय करून घेतली आणि बुजवायला सांगितली.

जुन्या विटा काढल्या तेव्हा मी पलीकडे पाहिलं नाही. हितेंद्रनेच विचारलं, आजी परत आल्या का? उंबऱ्याच्या त्या बाजूला सुपारीचा चुरा आहे, म्हणाला. ताजा.

१८ मार्च, मंगळवार

शांत. इतके दिवस एकदाही वाजलं नाही. वास नाही. सुपारी आठवत नाही. पुरणपोळ्या केल्या, होळीला राहिल्या होत्या. दुपारी चक्क झोप लागली. शंतनुशी नीट बोलले, त्याच्याकडे बघून हसले. खोली नंतर गॅलरीतूनही वापरता येईल म्हणाला बिचारा.

मी जिंकले असं लिहावंसं वाटतं. लिहीत नाही.

२५ मार्च, मंगळवार

सोनोग्राफी झाली. सगळं व्यवस्थित. ठोके ऐकले, हात, पाय, पाठीचा कणा, सगळं जागच्या जागी. रडले. शंतनुही रडला. यापेक्षा जास्त मला काहीच नको आहे.

डॉक्टरीणबाईंनी तारखा पुन्हा मांडल्या. दिवस राहिले ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

भिंत उघडी होती, तो आठवडा. उंबऱ्याशी बसून मी जागा आहे म्हटलं होतं, तो.

योगायोग असतात.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली. श्रीखंड खाल्लं. दुपारी आडवी झाले आणि पोटात पहिल्यांदा हललं. या क्षणाची किती वाट पाहिली होती! शंतनुला हाक मारणार होते.

टक-टक. थांबून — टक.

हाक मारली नाही.

३१ मार्च

पुन्हा. तसंच. भिंतीला कान लावून पाहिला, तिथे काही नाही. भिंत थंड आणि मुकी.

वाट मीच बंद केली तिथली. मग दुसरी जागा उरलीच कुठे. एवढीशी, म्हणाली होती. ओंजळ करून —

२ एप्रिल

शंतनुने पोटावर हात ठेवला. त्यालाही लागलं. आनंदाने उडालाच तो. ताल कसा धरतंय बघ, म्हणाला! नलूताईंना सांगायला धावला. त्यांनी कान लावला आणि टाळ्या पिटल्या, अगं बाई, म्हातारी आली! सगळी गॅलरी गोळा. सगळे हसताहेत, कोणी डोळे पुसतंय. केवढी पुण्याई म्हणे, जिचा जीव इथे होता ती इथेच आली. मुलगीच होणार, नाव कालिंदी ठेवा. शंतनु म्हणतो नाव जुनं आहे पण छान आहे.

कोणीच घाबरत नाही. मी सोडून कोणीच —

माझी मुलगी कुठे आहे मग? ती आली असती ना, जिच्यासाठी मी —

४ एप्रिल

माळ्यावरून खलबत्ता मीच काढला. स्टूल लावून. डॉक्टरांनी चढायचं नाही सांगितलंय.

सुपारी कुटली. टक-टक. आतून — टक.

ठेवून दिला.

५ एप्रिल

आज दुपारी सांगितलं. मोठ्याने. घरात कोणी नसताना, पोटावर हात ठेवून. काकू, इथे जागा नाही. ही जागा माझ्या बाळाची आहे. तुम्ही जा.

जा म्हणाले. कोणाला आयुष्यात म्हणाले नव्हते.

लगेच थांबलं.

६ एप्रिल, रविवार, सकाळ

हलत नाही.

कालपासून काहीच नाही. डाव्या कुशीवर झोपले. साखर खाल्ली. गार पाणी प्यायले. काही नाही. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या या महिन्यात रोज कळतंच असं नाही, घाबरू नका, उद्या सकाळी या. उद्या!

गेल्या वेळीही असंच. मळमळ एकाएकी थांबली, असंच गप्प झालं होतं सगळं आणि मी वाट बघत बसले होते.

दुपार

काही नाही.

शंतनु टॅक्सी बघायला खाली गेला आहे. दुसऱ्या दवाखान्यात जाऊ म्हणतो. त्याचा चेहरा पांढरा पडलाय. पोट दगडासारखं. हात लावला तर भिंतीसारखं थंड —

मला बाळ हवं आहे. कोणीही असो. कसंही. माझं हलणारं, जिवंत —

उंबऱ्यावर बसले आहे. भिंतीशी. ती बसायची तिथेच. वही मांडीवर.

म्हणाले. हळूच म्हणाले. या, काकू.

काही नाही.

चुकलं माझं. जा म्हणायला नको होतं. या. जागा ठेवली आहे. सगळी तुमची —

टक-टक.

हललं! हललं, शंतनु, हल — आता तिसरा. एकच राहिला. थांबली आहे. ती थांबली आहे, मी पुरतं म्हणेन याची वाट बघतेय. जिन्यावर म्हटलं होतं तसं, सगळं —

म्हणते. म्हणते, काकू. या. तुमचंच घ